लेहची राइड: पुण्यातून घरची गाडी की तिथे भाड्याची?

सुट्टी आठच दिवसांची असेल तर प्रश्नच मिटला. विमानाने लेह गाठायचं आणि तिथे बुलेट भाड्याने घ्यायची. खारदुंग ला खिंड, नुब्रा खोरं, पँगाँग तलाव सगळं होतं. फक्त विमान तुम्हाला एका दमात 3,500 मीटरवर नेऊन सोडतं, त्यामुळे पहिले दोन दिवस आराम करायचा, पाणी पीत राहायचं. त्यात कुचराई नको. आणि गाडी लेहमधूनच घ्या. मनालीची भाड्याची गाडी तिकडे फिरवू देत नाहीत.

पण तीन आठवडे काढता येत असतील तर घरची गाडी घेऊनच निघा, हे मी अगदी मनापासून सांगतो. एका बाजूचं अंतर साधारण अडीच हजार किलोमीटर. राजस्थानात हेल्मेटच्या आत घाम डोळ्यांत उतरतो, आणि आठवडाभराने झोजी ला चढताना हातांची बोटं बधिर होतात. श्रीनगर, कारगिल असं टप्प्याटप्प्याने गेल्यावर शरीर विरळ हवेला सरावत जातं. मनालीकडून सरचूचा मुक्कामच 4,200 मीटरच्या वर, म्हणून तो रस्ता परतीला ठेवा.

परतीतच मनालीच्या रस्त्यावर जिस्पाजवळ माझी क्लच केबल तुटली. नवी केबल जुनीला लागूनच टेपने बांधून ठेवली होती. दोन्ही टोकं अडकवली आणि वीस मिनिटांत निघालो. भाड्याच्या गाडीवर मला हे जमलं नसतं. आणि हो, लेह सोडताना वाटेतल्या कारू गावात टाकी काठोकाठ भरा, पुढे शेकडो किलोमीटर पंपाचा भरवसा नाही.