मायकेल चेकॉव्ह यांचे ‘टू द अ‍ॅक्टर’: चरित्र नटाने तालमीत वापरावे असे पुस्तक

दुःखाचा प्रसंग करायचा असेल तर स्वतःचे एखादे दुःख आठवावे, हा सल्ला अभिनय शिकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो. मायकेल चेकॉव्ह यांचे १९५३ साली प्रसिद्ध झालेले ‘टू द अ‍ॅक्टर’ हे पुस्तक हा सल्ला बाजूला ठेवते आणि नटाला त्याच्या कल्पनाशक्तीकडे व शरीराकडे वळवते. चरित्र भूमिका, म्हणजे स्वतःहून वेगळ्या वयाच्या वा स्वभावाच्या माणसाची भूमिका, करणाऱ्या नटासाठी याहून उपयोगी पुस्तक माझ्या वाचनात आलेले नाही.

लेखकाचे आयुष्य माहीत असले की या मांडणीमागची निकड कळते. रशियन नाटककार अंतोन चेकॉव्ह यांचे हे पुतणे १८९१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जन्मले आणि १९१२ मध्ये मॉस्को आर्ट थिएटरमध्ये दाखल झाले. तिथे एका पाठात त्यांनी वडिलांच्या अंत्ययात्रेची आठवण इतकी जिवंत उभी केली, की तिथले अभिनयगुरू स्तानिस्लावस्की यांनी त्यांना मिठी मारली, आणि वडील हयात असल्याचे नंतर उघड झाले, असा किस्सा सांगितला जातो. १९२१ या एकाच वर्षी त्यांनी स्ट्रिंडबर्गच्या नाटकातला विकल राजा एरिक आणि गोगोलच्या नाटकातला थापाड्या ख्लेस्ताकोव्ह अशा दोन टोकांच्या भूमिका केल्या. १९२८ मध्ये रशिया सुटला, तो कायमचा. पुढे १९३६ मध्ये त्यांनी इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल येथे अभिनयशाळा काढली, युद्धाच्या सावटात ती अमेरिकेत हलवली आणि अखेरीस ते हॉलिवूडमध्ये स्थिरावले. अँथनी क्विन, यूल ब्रिनर आणि मेरिलिन मन्रो हे त्यांच्याकडे शिकले.

पुस्तकाचा खरा ऐवज त्यातल्या स्वाध्यायांत आहे. एक अगदी साधा स्वाध्याय पाहा. हात वर उचला आणि खाली आणा. यात भावनेचा प्रश्नच येत नाही. आता तीच हालचाल सावधपणे करा. हात तोच, वेगही फारसा बदललेला नसतो, पण दोन-चार वेळा केल्यावर मनात कसली तरी चाहूल लागल्यासारखे वाटू लागते. भावनेला थेट हुकूम सोडता येत नाही, हालचालीला सावधपणासारखा गुण मात्र देता येतो, आणि त्या गुणामागून भावना आपसूक येते, हे चेकॉव्ह यांचे म्हणणे वाचून नव्हे, करून पटते.

व्यक्तिरेखेवरचे प्रकरण तर आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांत उतरणाऱ्या प्रत्येक मुलाने वाचावे. विशी-बाविशीतल्या नटाच्या वाट्याला आजोबांची भूमिका आली की वाकलेली पाठ, थरथरता हात आणि खोकला हा ठरलेला ऐवज बाहेर येतो. चेकॉव्ह सांगतात, की त्या माणसाचे शरीर आपल्या शरीराच्या जागी कल्पावे आणि त्याला आपल्याला हलवू द्यावे. त्याच्या जोडीला ते काल्पनिक केंद्राची, म्हणजे सगळी हालचाल जिथून सुटते असे मानायच्या शरीरातल्या जागेची, युक्ती देतात. हे केंद्र नाकाच्या शेंड्यावर आहे असे मानले की माणूस चौकस होतो. एका डोळ्यात नेले की धूर्त, कावेबाज वाटू लागतो. एवढ्याने चाल, मान आणि बोलण्याची लय बदलते, आणि दाढी-मिशी लावण्याआधीच भूमिका उभी राहू लागते.

शिक्षकाचे हे बोलणे नटाच्या कामात उतरले होते का, हे तपासण्याची सोय आहे. १९४५ च्या ‘स्पेलबाउंड’ या चित्रपटात चेकॉव्ह यांनी इंग्रिड बर्गमनच्या नायिकेच्या वृद्ध गुरूची, डॉक्टर ब्रुलोव्हची, भूमिका केली आणि साहाय्यक अभिनेत्याच्या ऑस्करसाठी त्यांना नामांकन मिळाले. रात्री हातात वस्तरा घेतलेला पाहुणा समोर उभा असताना हा म्हातारा अखंड गप्पा मारत दूध आणायला जातो. धोका त्याने ओळखलेला असतो, पण त्याच्या लगबगीतून तो दिसू देत नाही. तेव्हा चेकॉव्ह यांनी पन्नाशी नुकतीच ओलांडली होती. पडद्यावरचे वार्धक्य मात्र कुठेही चिकटवलेले वाटत नाही.

पुस्तकाला मर्यादाही आहेत. शब्दफेकीवर आणि आवाजावर त्यात फारसे काही नाही, आणि मराठी रंगभूमीवर वाढलेल्या नटाला ही उणीव जाणवणारच. ‘किंग लिअर’च्या आधारे प्रयोगाची बांधणी समजावणारे प्रकरण दिग्दर्शकाला फार उपयोगी आहे, पण ते नाटक आधी वाचले नसेल तर डोक्यावरून जाईल. समूहासाठीचे आणि वातावरणनिर्मितीचे स्वाध्याय घरी एकट्याने करण्यात अर्थ नाही. त्यांना चार-पाच जणांचा गट आणि धीराचा दिग्दर्शक हवा.

विकत घेताना २००२ ची सुधारित आवृत्ती घ्यावी. १९४२ च्या हस्तलिखितावर आधारलेले, १९९१ मध्ये आलेले ‘ऑन द टेक्निक ऑफ अ‍ॅक्टिंग’ हे वेगळे पुस्तक आहे, त्यामुळे मागवताना नाव नीट पाहावे. सुरुवात मात्र पहिल्या पानापासून न करता व्यक्तिरेखेच्या प्रकरणापासून केली तरी चालेल, विशेषतः हाती एखादी भूमिका असेल आणि तालमी सुरू असतील तर.