स्पीड वाढवायचा की फीड?

दिवाळीआधी जिनिंगवाल्यांचे शाफ्ट एकदम येऊन पडले, की लेथवरच्या टर्नरचा हात आधी आरपीएमकडे, म्हणजे शाफ्टच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांकडे, जातो. माझाही बरीच वर्षं तिकडेच जायचा. वेळ वाचवायचा दुसरा रस्ता म्हणजे स्पीड आहे तिथेच ठेवून फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल जेवढं पुढे सरकतं ते, वाढवणं. मी दोन्ही करून पाहिलंय. पण बोलतोय ते फक्त ईएन 8 पोलाद आणि कार्बाइड इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसवायचा, बदलता येणारा कडक तुकडा) यांच्यापुरतं.

40 मिलिमीटर जाडीचा, 300 लांबीचा तुकडा घ्या. 1000 आरपीएम आणि 0.15 मिलिमीटर फीडला एका कटाला दोन मिनिटं लागतात. फीड 0.25 केला की 72 सेकंद. तेवढंच स्पीडने साधायचं तर जवळजवळ 1670 आरपीएम हवेत. घड्याळाला दोन्ही सारखेच, टूलला नाहीत. 0.15 ला टूलचं टोक त्या तुकड्यावर साधारण 250 मीटर घासतं, 0.25 ला 150. स्पीड वाढवला तर ते 250 तसेच राहतात, वर तापतंही जास्त. अमेरिकन इंजिनिअर टेलरने स्पीड आणि टूलच्या आयुष्याचं जे समीकरण 1907 मध्ये मांडलं, त्यात कार्बाइडचा घातांक 0.25 च्या आसपास धरतात. त्या हिशेबाने स्पीड 20 टक्के वाढला की टूलचं आयुष्य निम्म्यावर येतं. फीडनेही ते घटतं, पण एवढं नाही. (मे महिन्यात टूल गेलं की आपल्याकडे जळगावच्या उन्हाला बोल लावतात. टोकाशी शेकडो अंश असतात, तिथे बाहेरचे 44 काय करणार!)

तरी माझा निकाल लागला तो समीकरणाने नाही, टेपरने, म्हणजे शाफ्ट एका टोकाकडे जाड निघण्याने. स्पीड चढवून काम चाललं होतं. शाफ्ट टेलस्टॉककडे (मोकळ्या टोकाला आधार देणारा भाग) मापात, चककडे (शाफ्ट पकडून फिरवणारा भाग) तीन-चार शतांश मिलिमीटर जाड. बेअरिंग बसेना. अर्धा दिवस टेलस्टॉक इकडून तिकडे सरकवत बसलो. शेवटी पोराने इन्सर्ट काढून उजेडात धरलं आणि म्हणाला, "भाऊ, टूल गयं." कट चालू असतानाच धार झिजत मागे सरत होती आणि मी मशीनवर आळ घेत होतो. टूल एकदम तुटलं तर निदान कळतं; असं हळूच मागे सरणारं फार छळतं.

फीडलाही खोड्या आहेत. जोर वाढतो, बारीक लांब शाफ्ट वाकतो, जुनं लेथ थरथरतं. 0.8 मिलिमीटर त्रिज्येच्या नोजवर (टूलचं गोल टोक) 0.15 ला फिनिशचा खडबडीतपणा हिशेबाने साडेतीन मायक्रॉन, 0.25 ला जवळपास दहा. चिप (कापून निघणारी साल) मात्र तुटून पडते. कमी फीडला ती जॉबभोवती गुंडाळत बसते आणि सोडवताना बोटं कापतात. डेप्थचा, म्हणजे एका कटात किती खोल कापायचं त्याचा, टूलच्या आयुष्यावर सगळ्यात कमी भार पडतो, म्हणून मशीनला झेपेल तेवढी डेप्थ आधी घ्या.

तुमचा जॉब सडपातळ असेल किंवा लेथ थकलेलं असेल तर स्पीडवाल्यांचं बरोबर असू शकेल, मी हट्ट धरणार नाही. स्पीड फार उतरवूही नका, माल टोकाला चिकटू लागतो. माझ्याकडे रफिंगला (आधीच्या जाड कटांना) 1000 आणि 0.25 हेच चालतं. शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरला फीड 0.1 वर आणतो, आरपीएम थोडे चढवतो, आणि त्यासाठी कोरी धार वेगळी राखून ठेवतो.