शुगर फ्री गोळ्या: चहाला चालतील, मणगण्याला नकोत

फोंड्याच्या बाजारातल्या फार्मसीतून घेतलेली ही अ‍ॅस्पार्टेमची, म्हणजे साखरेऐवजी वापरायच्या कृत्रिम गोडव्याची डबी. चहाला एक गोळी पुरे. दुसरी टाकलीत तर चिकट गोडवा जिभेवर रेंगाळत राहतो. लिंबूपाण्यात फर्मास. मणगण्यात, म्हणजे आमच्या गोव्याच्या चणाडाळ-गूळ-नारळरसाच्या खिरीत मात्र नको, फार वेळ उकळलं की गोडी जाते, आणि गुळाविना मणगणं ते कसलं?

शेजारचे काका डबी बघून म्हणाले, "अगो, कॅन्सर होईल!" 2023 मध्ये आयएआरसीने, म्हणजे डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने, अ‍ॅस्पार्टेम ‘संभाव्य कर्करोगकारक’ म्हणजे 2बी गटात घातलं, हे खरं. पण त्याच वेळी जेईसीएफएने, म्हणजे खाद्यपदार्थांतले मिश्रक तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने, मर्यादा तशीच ठेवली: वजनाच्या दर किलोमागे रोज 40 मिलिग्रॅम. साठ किलोच्या बाईला 2400. माझ्या डबीवर गोळीला 18 लिहिलंय. शंभरावर गोळ्या कोण खातंय? काकांची बिडी चालूच.

वजन उतरवायला घेणार असाल तर पैसे वाचवा. डब्ल्यूएचओ त्यासाठी असले गोडवे वापरू नका म्हणते. आधीपासून मधुमेह असलेल्यांना तो सल्ला लागू नाही. फिनाइलकीटोन्युरिया (अ‍ॅस्पार्टेममधलं फिनाइलअ‍ॅलनिन शरीराला पचवता न येणारा जन्मजात आजार) असेल तर हात लावू नका.

डबीचा चाप अगदीच रद्दी, दाबला की गोळ्या टेबलाखाली. पाचपैकी तीन तारे.