पांडाज ३ : मेमरी आणि फाइल-हाताळणीतील बदलांचा काही महिन्यांचा अनुभव

पांडाज या पायथन भाषेतील सारण्या हाताळणाऱ्या साधनाची तिसरी आवृत्ती जानेवारी २०२६ मध्ये आली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी माझे मोजमापांचे सगळे काम तिच्यावर नेले. मापनयंत्रांच्या नोंदी एकत्र करणे, सदोष मूल्ये वगळणे आणि कालखंडानुसार सरासरी काढणे एवढेच हे काम आहे, परंतु सारणी मोठी असते. ५ कोटी ओळी आणि १२ दशांश स्तंभ धरले, तर प्रत्येक मूल्याला ८ बाइट या हिशोबाने निव्वळ आकडेच ४.८ जीबी होतात. १६ जीबी मेमरीच्या संगणकावर अशा तीन प्रती एकाच वेळी उभ्या राहिल्या की काम तिथेच थांबते, आणि जुन्या आवृत्तीत स्तंभांची नावे बदलणे किंवा अनुक्रमणिका (ओळींची ओळख-नावे, म्हणजे इंडेक्स) नव्याने लावणे अशा साध्या पायऱ्यांवरही पूर्ण प्रत तयार होत असे.

नव्या आवृत्तीत ‘कॉपी-ऑन-राइट’ ही पद्धत कायमची लागू झाली आहे. एका सारणीतून दुसरी सारणी काढली, तर ती वागते स्वतंत्र प्रतीसारखी, पण प्रत्यक्षात दोघींची मेमरी सामाईक राहते आणि त्यांपैकी एकीत लिहिण्याची वेळ येईल तेव्हाच प्रत होते. त्यामुळे नाव बदलण्याच्या आणि अनुक्रमणिकेच्या पायऱ्या आता जवळपास फुकट होतात. मला मात्र याहून मोलाची वाटते ती निश्चितता. पूर्वी काढलेला तुकडा मूळ सारणीकडे पाहतो आहे की स्वतंत्र आहे, हे त्या त्या क्रियेवर अवलंबून असे. त्याबद्दलचा इशारा कधी विनाकारण येई, तर कधी गरज असताना येत नसे, आणि या भीतीने मी जागोजागी हाताने प्रती करून ठेवत असे. त्या सर्व ओळी मी आता काढून टाकल्या आहेत. तुकड्यात केलेला बदल मूळ सारणीत कधीच जात नाही, हा एकच नियम लक्षात ठेवावा लागतो.

याची दुसरी बाजू समजायला मला बराच वेळ लागला. टळलेली प्रत नाहीशी होत नाही, ती पुढे ढकलली जाते. माझ्या एका प्रोग्रॅममध्ये मूळ सारणी एका नावाने आणि अनुक्रमणिका बदललेली सारणी दुसऱ्या नावाने ठेवलेली होती, आणि त्यानंतर बऱ्याच ओळींनी ‘उणे ९९९’ या खुणेच्या जागी रिक्त मूल्य भरण्याची पायरी येत होती. ती पायरी सर्वच स्तंभांना स्पर्श करते; मूळ नाव अद्याप जिवंत असल्यामुळे ज्या ओळीवर कोणी संशय घेणार नाही अशा त्या ओळीवर पूर्ण प्रत तयार झाली. उपाय साधा निघाला. नवी सारणी जुन्याच नावाला बहाल केली की जुना संदर्भ सुटतो आणि लिहिताना प्रतीची गरजच उरत नाही. याच कारणाने मोठ्या सारणीतून घेतलेला छोटासा सलग तुकडाही, तो सामाईक मेमरीवर उभा असेल तर, पूर्ण मूळ सारणी मेमरीत धरून ठेवू शकतो. असा तुकडा दीर्घकाळ सांभाळायचा असेल तर त्याची प्रत स्वतःहून करून घेणेच योग्य.

आणखी एक अडचण नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या साधनाशी असलेल्या सीमेवर आली. सारणीतून काढलेला ॲरे (आकड्यांची मांडणी) मूळ मेमरीकडे पाहत असेल, तर तो आता केवळ वाचनासाठी मिळतो. त्यात जागच्या जागी बदल करणारी माझी जुनी फलने (फंक्शन) त्रुटी देऊन थांबली, आणि सायथनमध्ये, म्हणजे वेगासाठी आधी संकलित होणाऱ्या पायथनसारख्या भाषेत, लिहिलेली काही फलने तर निव्वळ वाचत असूनही केवळ-वाचन ॲरे स्वीकारेनात, कारण त्यांच्या घोषणेत तसे म्हटलेले नव्हते. दुरुस्ती किरकोळ होती आणि त्रुटी स्पष्ट होत्या, म्हणून याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार करावी असे एकच स्थळ आहे, ते म्हणजे काळाचे एकक. मजकुरातून वाचलेल्या तारखा पूर्वी नॅनोसेकंदात साठवल्या जात, आता त्या सर्वसाधारणपणे मायक्रोसेकंदात साठवल्या जातात. या बदलाचा लाभ खरा आहे, कारण नॅनोसेकंदांच्या मोजणीत १६७७ च्या आधीच्या आणि २२६२ च्या नंतरच्या तारखा मावतच नव्हत्या. परंतु ज्यांनी तारखेचे पूर्णांकात रूपांतर करून त्याला १०० कोटींनी भागून सेकंद काढले आहेत, त्यांचे उत्तर आता हजारपट लहान येते, आणि तेही कोणतीही त्रुटी न दाखवता. माझ्या दोन आलेखांच्या अक्षावरून हे लक्षात आले. आलेख काढायचा नसता, तर चुकीचे उत्तर पुढे गेले असते. तारखांमधील फरक पूर्णांकात न नेता कालावधी म्हणूनच हाताळावा, असे मी आता कटाक्षाने करतो.

मजकुराच्या स्तंभांसाठी आलेल्या नव्या प्रकाराचे बरेच कौतुक झाले आहे; ते योग्य असले तरी सरसकट नाही. पायॲरो (ॲरो या स्तंभवार मेमरी-मांडणीचे पायथनमधील साधन) बसवलेले असेल तर मजकूर ॲरोच्या सलग साठ्यात राहतो, आणि प्रत्येक मूल्यासाठी ८ बाइटांचे स्थान व प्रत्यक्ष अक्षरांचे बाइट एवढाच खर्च येतो. जुन्या पद्धतीत प्रत्येक मूल्य पायथनची स्वतंत्र वस्तू असेल, तर ८ बाइटांच्या निर्देशकाशिवाय त्या वस्तूचे ४० ते ५० बाइटांचे ओझे निराळे असे, म्हणून बहुतांश वेगवेगळ्या मूल्यांच्या स्तंभात बचत भरघोस दिसते. माझा यंत्रक्रमांकाचा स्तंभ तसा नाही. त्यात ८ अक्षरी क्रमांक लाखो वेळा पुन्हा येतात, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी मूल्ये विभागलेली मजकूर-फाइल) वाचणारा जुना वाचक अशा पुनरावृत्त मूल्यांसाठी बहुतेक वेळा एकच वस्तू वापरत असल्यामुळे तिथे दर ओळीला खरा खर्च जेमतेम ८ बाइटांचा होता. तो आता १६ झाला. मेमरीची सविस्तर मोजणी मात्र तीच वस्तू प्रत्येक ओळीला नव्याने मोजत असे, म्हणून कागदावर बचत दिसते. अशा स्तंभासाठी वर्गवारीचा प्रकारच योग्य आहे; त्यात प्रत्येक वेगळे मूल्य एकदाच ठेवून ओळीत फक्त त्याचा क्रमांक साठवतात. सव्वाशेपर्यंत वर्ग असतील तर प्रत्येक ओळीला एकच बाइट लागतो.

फाइलींच्या बाबतीत याच संधीचा फायदा घेऊन मी एचडीएफ५ हे फाइल-स्वरूप सोडून पार्के या स्तंभवार साठवणाऱ्या स्वरूपाकडे आलो. एचडीएफ५ फाइलीतून सारणी काढून टाकली तरी फाइल आपोआप लहान होत नाही, ती निराळ्या साधनाने पुन्हा बांधावी लागते, आणि दर आठवड्याला नोंदी बदलणाऱ्या माझ्या कामात हे फार जाचक होते. पार्केमध्ये हवे तेवढेच स्तंभ वाचता येतात. शिवाय पायॲरो फाइल लिहिताना साधारण साडेदहा लाख ओळींचा एक गट करते, म्हणजे ५ कोटी ओळींचे ४८ गट होतात, आणि प्रत्येक गटाची किमान व कमाल मूल्ये नोंदलेली असल्यामुळे वेळेची अट घातल्यावर नको असलेले गट वगळले जातात. यासाठी लिहिण्यापूर्वी सारणी वेळेनुसार लावलेली असणे आवश्यक आहे. मी सुरुवातीला ती यंत्रानुसार लावली होती आणि वेळेच्या अटीने काहीच वगळले जात नव्हते.

वाचतानाची कमाल मेमरी मात्र अजून खटकते. ॲरोची सारणी आधी पूर्ण उभी राहते आणि मग तिचे दशांश स्तंभ पांडाजच्या एकत्रित मांडणीत उतरवले जातात, त्यामुळे काही क्षण दोन्ही एकाच वेळी मेमरीत असतात आणि ४.८ जीबीच्या सारणीला जवळपास दुप्पट जागा लागते. स्तंभ वेगवेगळे ठेवण्याचा आणि रूपांतर होत जाईल तसतशी ॲरोची मेमरी सोडण्याचा पर्याय पायॲरोमध्ये आहे, तो वापरल्यापासून माझे काम १६ जीबीत बसते. त्या पर्यायानंतर ॲरोच्या मूळ सारणीला पुन्हा हात लावायचा नसतो. सारणी काढून टाकल्यावरही प्रणालीच्या नोंदीत मेमरीचा आकडा लगेच उतरत नाही, कारण ॲरोचा मेमरी-साठा मोकळी झालेली जागा पुढच्या वापरासाठी काही काळ स्वतःकडे राखतो. ही गळती आहे असे समजून मी दोन दिवस शोध घेतला, आणि शेवटी साठ्याकडूनच वापरातील बाइटांचा आकडा मागितला तेव्हा तो शून्याजवळ निघाला.

ज्यांना हा बदल अजून करायचा आहे, त्यांनी थेट तिसऱ्या आवृत्तीवर उडी न घेता आधी २.३ वर यावे, तिथे कॉपी-ऑन-राइट आणि नवा मजकूर-प्रकार स्वतःहून चालू करून सर्व इशारे संपवावेत, आणि तारखांची पूर्णांकात रूपांतरे तेवढी हाताने शोधून काढावीत.