कॉलेजची कोरोनातली नोटीस-सेवा: गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याचा अभिप्राय

पाचपैकी अडीच तारे. त्यातले दोन एकाच माणसाचे आहेत, ते पुढे येईलच.

आधी मी कोण ते सांगतो. नाहीतर कोणी म्हणेल, याचा धंदा बसला म्हणून बोंबलतोय. कॉलेजच्या गेटसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. कॉलेज सोलापुरातलंच. नाव लिहीत नाही, दुकान अजून तिथंच आहे. धाकटी मुलगी 2019 च्या जूनमध्ये तिथं बी.कॉम.ला लागली आणि आता 2022 मध्ये पास झाली. गेल्या आठवड्यात तिची टी.सी. काढून आणली. म्हणजे मी पालकही आणि या नोटिसांचा जुना छापणाराही. शिपाईमामा सकाळी साडेदहाला मूळ प्रत घेऊन यायचे, "मालक, वीस काढा." एक प्रत ऑफिसबाहेरच्या काचेच्या पेटीत लागायची, एक लायब्ररीत, बाकीच्या वर्गावर्गांतून फिरायच्या. पेटीतलं पोरं वाचायचीच असं नाही. पण पेटीपुढं घोळका जमला की काहीतरी आलंय एवढं गेटपर्यंत कळायचं, आणि पाच मिनिटांत त्याच नोटिशीची झेरॉक्स मागायला दहाजण माझ्याकडं.

मार्च 2020 च्या मधल्या आठवड्यात मामा शेवटची नोटीस घेऊन आले. महाविद्यालय 31 मार्चपर्यंत बंद राहील, खाली सही-शिक्का. त्या दिवशी मशीनच्या ड्रमला ओरखडा पडला होता. प्रत्येक कागदावर उजव्या अंगाला केसाएवढी काळी रेघ येत होती. मी म्हटलं, थांबा, उद्या नवीन ड्रम टाकून काढून देतो. मामा म्हणाले, "पंधरा दिवसांचा तर विषय हाय मालक, चालतंय की."

22 तारखेला जनता कर्फ्यू, 25 पासून सगळा देश बंद. एप्रिलच्या मध्यात पाच्छा पेठेत पहिला रुग्ण निघाल्यावर शहरात बांबू बांधून गल्ल्या बंद व्हायला लागल्या. माझं शटर तर आधीच खाली. इथून पुढं कॉलेजची नोटीस-सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर गेली, आणि माझा अभिप्राय तिथून सुरू होतो.

पहिले दोन-अडीच महिने सेवा चांगली होती. ग्रुप बनवला होता तासिका तत्त्वावरच्या एका तरुण सरांनी. ते नोटिशीचा कागद टाकायचे आणि वर साध्या मराठीत चार ओळी लिहायचे: काय करायचंय, कधीपर्यंत, अडचण आली तर कोणाला फोन. एवढंच. पण जूनमध्ये नवीन वर्ष लागायच्या वेळी ते सर ग्रुपमधून गेले. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पैसे. कॉलेज बंद, तर तास कुठला? ऑगस्टमध्ये ते दुकानात आले, बायोडाटाच्या बारा प्रती काढल्या, पैसे द्यायला लागले तर मी घेतले नाहीत. कॉलेजात कोण रुजू झालं, कोणाला पीएच.डी. मिळाली, कोणाच्या मुलाचा सत्कार झाला, सगळ्याच्या नोटिसा आल्या. या सरांची नोटीस ग्रुपवरच आली, राखाडी अक्षरात, 'लेफ्ट' म्हणून.

त्यानंतर आले ते नुसते कागद. आता कागद हा माझा धंदा आहे, त्यामुळं इथं जरा सविस्तर बोलतो.

जूनच्या शेवटापर्यंत नोटिशीखाली कॅमस्कॅनरचा शिक्का यायचा. 29 जूनला केंद्रानं 59 चिनी अ‍ॅपांवर बंदी घातली, त्यात कॅमस्कॅनर गेलं. दुसऱ्या आठवड्यापासून नोटीस म्हणजे टेबलावर ठेवलेल्या कागदाचा फोटो. तोही तिरका, कोपऱ्यात चहाच्या कपाची कड, आणि मधोमध फोटो काढणाऱ्याच्या हाताची सावली. तारीख नेमकी सावलीत. ऑफिसात चांगला स्कॅनर आहे हे मला माहीत आहे, त्याची काच पुसायला मामा माझ्याकडूनच कापड न्यायचे. पण तो चालवणारे साहेब घरी. एकदा कोणीतरी तो चालवला, तर एका पानाची फाइल नऊ एमबीची! पांढऱ्या कागदावर काळी अक्षरं आहेत बाबा, कृष्णधवल ठेव, 200 डीपीआय लाव, शंभर केबीत बसतं. आमच्या पूर्व भागात एका मोबाइलवर तीन भावंडं शिकत होती, दिवसाचा दीड जीबी तिघांत वाटून. त्यांनी तास बघायचा की नऊ एमबीची नोटीस उतरवायची?

दुसरा प्रकार श्रीलिपीचा. ऑफिसात तेव्हा त्याच जुन्या फॉन्टमध्ये टाइप करायचे आणि वर्डची फाइल तशीच ग्रुपवर सोडायचे. मोबाइलवर उघडली की इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, डॉलर. पोरांना वाटायचं फाइल बिघडली. फोन मला. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर उघडून, पीडीएफ करून परत पाठवायचो, फुकट. असं सात वेळा तरी केलं असेल. म्हणजे कॉलेजच्या नोटिशीचं वाचन खातं काही दिवस माझ्या दुकानातून चाललं.

आणि भाषा! 'उपरोक्त विषयास अनुसरून' म्हणून सुरुवात. त्याच्या आधी पाच संदर्भ, प्रत्येकाला जावक क्रमांक. तेराव्या-चौदाव्या ओळीत कळतं की फॉर्म भरायचाय. ही नोटीस पोरांसाठी नव्हतीच, उद्या कोणी विचारलं तर 'आम्ही कळवलं होतं' हे दाखवायला होती. मी शेकड्यानं असल्या नोटिसा छापल्यात, तेव्हा कधी खटकलं नाही. तेव्हा मजकुराच्या शेजारी मामा उभे असायचे ना, विचारलं की सांगायचे.

घरात बसलेला फटका सांगतो. डिसेंबर 2020. आपल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालणारे गुरुजी, दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं निम्मं त्यांनी इतर स्पर्धक शिक्षकांत वाटून टाकायचं जाहीर केलं. सगळ्या जिल्ह्याची छाती फुगली, माझीही. ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस, फुलं, टाळ्या, हात जोडलेले. त्या पावसात रात्री पावणेदहाला परीक्षेच्या फॉर्मची नोटीस आली: 'उद्या सायंकाळी 5 पर्यंत.' कागदावर तारीख नाही, नुसतं 'उद्या'. मुलीनं ती दुसऱ्या दिवशी रात्री पाहिली, तेव्हा तिच्या हिशेबानं उद्या अजून यायचा होता. शंभर रुपये विलंब शुल्क. पैशाचं काही नाही, पण जिल्हा परिषदेच्या शाळेतला एक गुरुजी पुस्तकाला मोबाइल जोडतो आणि त्याच जिल्ह्यात आमच्या कॉलेजला नोटिशीवर तारीख घालता येत नाही, हे त्या रात्री फार झोंबलं.

न्यायानं एक सांगायला पाहिजे. सगळा घोळ कॉलेजचा नव्हता. माझा भाचा तेव्हा शेवटच्या वर्षाला होता. 31 मेला मुख्यमंत्री म्हणाले, सरासरीवर पास करू. 6 जुलैला यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणाली, परीक्षा घ्यावीच लागेल. 28 ऑगस्टला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, परीक्षेशिवाय पदवी नाही. मधे जुलैत शहर पुन्हा दहा दिवस कडक बंद. ऑक्टोबरात मोबाइलवर गोल निवडायची परीक्षा झाली. चार महिन्यांत भाच्यानं गाइड दोनदा रद्दीत घातलं आणि दोनदा परत आणलं. त्यात प्राचार्य तरी काय करणार, वरून येईल ते खाली ढकलणार. पुढंही तेच. 15 फेब्रुवारी 2021 ला निम्म्या हजेरीनं उघडलं, थोड्याच दिवसांत बंद. 20 ऑक्टोबरला उघडलं, जानेवारीत बंद. 1 फेब्रुवारी 2022 ला उघडलं ते उघडलं.

ई-सर्टिफिकेटांवर मी टीका करणार नाही. 2020 च्या उन्हाळ्यात प्रत्येक विभागानं कोरोना जनजागृतीची प्रश्नमंजुषा काढली, चाळीस टक्के पडले की रंगीत प्रमाणपत्र. मुलीनं तेवीस जमवली, एक मत्स्यशेतीचंसुद्धा आहे. ग्रुपवर यांच्या लिंकांनी खऱ्या नोटिसा बुडाल्या हे खरं. पण दुकान उघडल्यावर सगळ्यात आधी आली ती ही प्रमाणपत्रं छापून घेणारी गर्दी. पोरं कमी, प्राध्यापक जास्त, नॅकच्या (कॉलेजांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) फाइलीला लावायला. दहा रुपये रंगीत प्रत. त्या दिवाळीला घरात जे काही आलं ते त्यातून आलं.

आता ते दोन तारे.

सर गेल्यावर पालकांनी ऑफिसात फोन करकरून वैताग आणला. मग कोणीतरी शिपाईमामांना सांगितलं, तुम्हीच काय ते ग्रुपवर कळवा. मामांचं टायपिंगशी वाकडं. त्यांनी आवाज भरून पाठवायला सुरुवात केली. पहिला मला अजून आठवतो. मागं कुकरची शिट्टी, आणि मामा: "पोरांनो, मी हापिसातला मामा बोलतोय. स्कॉलरशिपचा फारम मंगळवारपर्यंत भरायचाय. मंगळवार बाजार असायचा, त्या मंगळवारपर्यंत. आधार आणि पासबुक लागतंय. गेटावर येऊ नका, पोलीस हायत. बाकी कागदात हाय ते वाचा." मग तेच सगळं तेलुगूत. मामा राहायला कुंभारीच्या विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, तिथल्या निम्म्या आयांना मराठी नोटीस कळत नाही, विड्या वळता वळता ऐकलेलं कळतं. मला तेलुगू कामापुरतं येतं. 'डब्बुलू' म्हणजे पैसे, ते ऐकू आलं की फीची नोटीस.

चाळीस सेकंदांत काम. आधी वार, मग कागदपत्रं, मग पोलीस. पाच संदर्भ नाहीत. यंत्रमाग पुन्हा सुरू झाल्यावर आमच्या गल्लीत दिवसभर खटखट, ऑनलाइन तासातला मास्तरांचा आवाज त्यात विरून जायचा. मामांचा मात्र ऐकू यायचा. तीस वर्षं व्हरांड्यातून हाका मारलेला आवाज तो.

साहेबांच्या निवृत्तीची बातमीही मामांनीच नीट दिली. कार्यालयीन अधीक्षक साहेब 31 मे 2020 ला निवृत्त झाले. (शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख लावलेले आपल्याकडं ढिगानं आहेत, त्यामुळं 31 मे हा निम्म्या महाराष्ट्राचा निवृत्तीदिन.) कागदी नोटिशीत 'नियत वयोमानानुसार' वगैरे. निरोप मोबाइलवर. साहेबांनी स्वतःच स्वतःच्या खांद्यावर टॉवेल घातला, वहिनींनी टोपी आणून दिली, नारळ कुठं ठेवायचा कळेना म्हणून मांडीवर घेऊन बसले. भाषणं चालू असताना कोणाचा तरी मिक्सर चालू होता. मामांचा निरोप वेगळा होता: "साहेब आता घरी. बोनाफाईडचं काम असंल त्यांनी साहेबांना फोन करू नका, लोक अजून करायलेत."

एप्रिल 2021 मध्ये लायब्ररीतले अण्णा गेले, दुसऱ्या लाटेत. कॉलेजनं काळ्या चौकटीत फोटो टाकला, ओळखपत्रावरचा, वीसेक वर्षांपूर्वीचा. पोरांना पटकन ओळखूच आला नाही. वर लसीकरणाच्या वेबिनारची लिंक, खाली फीची आठवण. तासाभरानं मामांचा आवाज आला. या वेळी तेलुगू आधी, कारण अण्णा त्यांच्याच गल्लीतले. मग मराठीत: "लायब्ररीतले अण्णा गेले. घरी कोणी जाऊ नका, जाता येत न्हाई. ज्यांच्याकडं लायब्ररीची पुस्तकं हायत त्यांनी जपून ठेवा, अण्णा विचारायचे." आमच्या घरात दोन होती, अकाउंट्सची. मुलीनं त्याच रात्री त्यांना खाकी कव्हर घातलं.

उरलेला अर्धा तारा आता सुधारलेल्या गोष्टींचा. नोटिशीवर हल्ली तारीख असते, फाइल हलकी असते, अक्षरं मोबाइलवर दिसतात. मामांचे आवाज मात्र बंद झाले. कॉलेज उघडल्यावर ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' केला आणि मामा अ‍ॅडमिन नाहीत.

टी.सी. आणायला गेलो तेव्हा ऑफिसबाहेरच्या काचेच्या पेटीपाशी थांबलो. आत एकच कागद, पिवळा पडलेला. 31 मार्च 2020 पर्यंत महाविद्यालय बंद राहील. उजव्या अंगाला केसाएवढी काळी रेघ, माझ्या ड्रमची.

मामांना म्हटलं, "हा काढा की आता."

"चावी साहेबांकडं गेली मालक," मामा म्हणाले. "दोनदा फोन केला. ते म्हणत्यात टॉवेलासोबत कपाटात ठेवलीय, सापडंना."