सराव पाठाचा फीडबॅक: शाळेत जाऊन, व्हिडिओ मागवून की लाइव्ह कॉलवर?

इंटर्नशिपचं प्लॅनिंग सुरू झालं की आपल्या बडोद्यातल्या बी.एड. कॉलेजांमध्ये हाच विषय निघतो, की तालीमार्थींचे, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांचे, पाठ बघायला दरवेळी शाळेत जाऊन मागच्या बाकावर बसायचं, का त्यांच्याकडून व्हिडिओ मागवून त्यावर कमेंट लिहायच्या, का सरळ व्हिडिओ कॉल लावून लाइव्ह बघायचं. शहरातल्या शाळा कशाही जमतात, पण एक जण डभोईला, दुसरी करजणला आणि तिसरी सावलीला असली की निरीक्षकाचा अख्खा दिवस एका पाठात जातो. त्यात २०१४च्या एनसीटीई (राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषद) नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं केलं आणि शाळेत घालवायचा वेळ २० आठवडे केला, म्हणजे बघायचे पाठ वाढले, बघणारे तेवढेच.

माझं मत आधीच सांगते. फीडबॅक मिळाल्यावर तोच पाठ, निदान त्यातला तोच भाग, परत घ्यायला मिळतो का, हे आधी बघा. मिळत असेल तर तिन्हीपैकी कुठलाही मार्ग चालून जातो, आणि मिळत नसेल तर प्रत्यक्ष जाऊनसुद्धा फार काही हाती लागत नाही.

हे मी नवीन सांगत नाहीये, बडोद्याला तर हे जुनंच आहे. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे काही मिनिटांचा छोटा पाठ घेऊन एकेका कौशल्याचा सराव, १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला सुरू झालं आणि भारतात ते रुजलं त्यात आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीच्या CASE या शिक्षणशास्त्राच्या प्रगत अभ्यास केंद्राचा मोठा वाटा होता, १९७४ साली पासी आणि शहा यांचं त्यावरचं काम इथूनच बाहेर पडलं. भारतीय नमुन्यातलं ३६ मिनिटांचं चक्र आपण सगळेच पाठ करतो: ६ मिनिटं शिकवा, ६ मिनिटं फीडबॅक, १२ मिनिटं परत आखणी, ६ मिनिटं परत शिकवा, ६ मिनिटं परत फीडबॅक. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ फीडबॅकच्या नंतरचा आहे! आणि खऱ्या शाळेत गेलो की नेमका तोच भाग गळून पडतो, कारण तासाची घंटा होते, निरीक्षकाला पुढची शाळा गाठायची असते आणि वहीत "आवाज चांगला, फलकलेखन सुधारा, एकंदर पाठ छान" एवढं लिहून सही होते.

असल्या शेऱ्यांचा उपयोग किती यावर संशोधन बरंच आहे. क्लुगर आणि डेनिसी यांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरचे जुने प्रयोग एकत्र करून ६०७ परिणाम तपासले, सरासरी काढली तर फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर काम उलट खालावलं होतं. विशेषतः लक्ष कामावरून उडून माणसावर गेलं की घोटाळा होतो असं त्यांचं म्हणणं. २००७ मध्ये हॅटी आणि टिंपर्ली यांनी पण तेच दुसऱ्या बाजूने मांडलं, कुठे पोचायचंय, आत्ता कुठे आहे आणि पुढची पायरी कोणती या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर फीडबॅक कामाचा, आणि "तू हुशार आहेस" टाइपच्या कौतुकाने शिकणं फारसं पुढे सरकत नाही. "एकंदर पाठ छान" यात तिन्हीपैकी एकही उत्तर नाही.

आता एकेक मार्ग बघू.

प्रत्यक्ष जाऊन बसणं. याची खरी ताकद म्हणजे वर्ग कळतो. कोपऱ्यातली दोन मुलं वही न उघडता बसलीत, खिडकीबाहेरच्या आवाजाने मागच्या तीन रांगा तुटल्यात, शाळेतल्या बेन (बाई) तालीमार्थीशी कशा बोलतात, हे कॅमेऱ्यात येत नाही. नवख्या मुलीला पहिल्या आठवड्यात धीर लागतो, पाठ संपल्यावर ओट्यावर बसून पाच मिनिटं बोललं की तिचा चेहरा बदलतो, तो कमेंटने बदलत नाही. आपल्याकडच्या मराठी घरातल्या मुलींना गुजराती माध्यमात शिकवताना भाषेची धाकधूक असते, ती पण समोर बसूनच हळुवार बोलायची गोष्ट आहे, लेखी शेरा आला तर ती पुढच्या पाठात तोंडच उघडत नाही. दक्षिण आफ्रिकेत प्राथमिक शिक्षकांवर तीन वर्षं चाललेला एक प्रयोग मला इथे फार महत्त्वाचा वाटतो: काही शाळांमध्ये कोच, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणारे, प्रत्यक्ष जायचे, काहींमध्ये टॅबलेट आणि फोनवरून मदत करायचे. प्रत्यक्ष कोच गेलेल्या शाळांत मुलांचं इंग्रजी बोलणं आणि वाचन दोन्ही सुधारलं, दुरून मदत मिळालेल्या शाळांत बोलण्यात थोडा फायदा झाला, वाचनात काहीच नाही. म्हणजे ऑनलाइन स्वस्त आहे म्हणून डोळे झाकून तिकडे जायचं कारण नाही.

व्हिडिओ आणि लेखी कमेंट. मी सगळ्यात जास्त भर याच्यावर देईन, कारण यात तालीमार्थी स्वतःला बघते. एक उदाहरण देते. सातवीचा अपूर्णांकांचा पाठ, तालीमार्थी फळ्यावर छेद समान करून दाखवते आणि विचारते "समजायुं?" (समजलं का?), वर्ग एका सुरात "हा बेन" म्हणतो आणि पुढचं गणित सुरू. मागे बसलेल्या निरीक्षकाला हा पाठ उत्तम वाटतो, मुलं प्रतिसाद देतायत ना. व्हिडिओवर "१४.२० पासून १४.४० पर्यंत परत बघ, प्रश्न विचारल्यावर किती थांबलीस आणि उत्तर कोणी दिलं ते मोज" एवढी कमेंट टाकली की तिला स्वतःलाच दिसतं की एक सेकंदही थांबलेली नाही आणि खरं उत्तर कोणीच दिलेलं नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात हेच मोजलं होतं, शिक्षक प्रश्नानंतर सरासरी सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. ही गोष्ट भाषणातून पटत नाही, स्वतःच्या व्हिडिओवरून पटते.

असाच एक मोठा प्रयोग अमेरिकेत झाला, मायटीचिंगपार्टनर नावाचा, त्याचा निकाल २०११ मध्ये सायन्स या संशोधन नियतकालिकात आला. माध्यमिक शिक्षक ठरावीक दिवसांनी आपल्या तासाचं रेकॉर्डिंग पाठवायचे, कोच त्यातले छोटे तुकडे निवडून त्यावर प्रश्न लिहायचे आणि मग फोनवर बोलणं व्हायचं. मुलांच्या परीक्षेत फरक दिसला पण तो पुढच्या वर्षी, चालू वर्षात नाही, ५०व्या पर्सेंटाइलवरचं, म्हणजे बरोबर मधलं, मूल साधारण ५९वर जावं एवढा. त्यामुळे एका सत्रात रिझल्ट मागणाऱ्या मॅनेजमेंटला हे आधीच समजावून ठेवा. आणि नीट बघा, तिथे नुसत्या कमेंट नव्हत्या, नंतर माणसाशी बोलणं होतंच.

त्रास पण आहेत. मोबाइल मागच्या भिंतीला लावला तर पंख्याचा आवाज येतो आणि शिक्षिकेचा येत नाही, साधा कॉलर माइक घ्या. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ इतका दाबला जातो की फळ्यावरचं वाचताच येत नाही, ड्राइव्हची लिंक मागवा. पूर्ण तास मागवू नका, दहा-पंधरा मिनिटांचा तुकडा तालीमार्थीने स्वतः निवडून पाठवावा, निवडताना तिचं अर्धं आत्मपरीक्षण होऊन जातं. मुलांच्या परवानगीचा विषय अजिबात हलक्यात घेऊ नका, २०२३च्या डिजिटल डेटा कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मूळ नियम आहे. आचार्यांची (मुख्याध्यापकांची) लेखी परवानगी, पालकांची संमती, कॅमेरा मागून म्हणजे मुलांच्या पाठी दिसतील असा, आणि सत्र संपलं की फाइल डिलीट.

लाइव्ह व्हिडिओ कॉल. हा मला सगळ्यात कमजोर वाटतो. प्रत्यक्ष जाण्यातला वर्गाचा अंदाज यात येत नाही आणि रेकॉर्डिंगमधलं मागे जाऊन बघणं पण यात नाही, वर नेट गेलं की पाठच गेला. बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दूरशिक्षणाचे २३२ अभ्यास एकत्र केले तेव्हा पण एका वेळी सगळ्यांनी जोडलं जाण्याचा प्रकार वर्गापेक्षा किंचित मागे होता आणि आपापल्या वेळेने शिकण्याचा प्रकार किंचित पुढे. ते सगळं दूरशिक्षण होतं, शिक्षक प्रशिक्षण नव्हे, पण दिशा कळते. कॉलचा खरा उपयोग पाठानंतरच्या बोलण्यासाठी आहे, तिथे जरूर वापरा.

मग शिक्षकांचं ऑनलाइन कोचिंग वाईट का? तसं नाही. क्राफ्ट, ब्लेझर आणि होगन यांनी २०१८ मध्ये कोचिंगचे ६० अभ्यास तपासले, शिकवण्यात चांगली सुधारणा दिसली आणि प्रत्यक्ष व ऑनलाइन यांत ठळक फरक निघाला नाही. व्हर्जिनियात २०२० मध्ये तालीमार्थींना संगणकावरच्या आभासी वर्गात छोटा पाठ घ्यायला लावून मधे काहींना पाच मिनिटं कोच दिला आणि काहींना नुसतं आत्मचिंतन करायला सांगितलं, तर पुढच्या फेरीत कोचवाले कितीतरी पुढे गेले. मधे बोलणं आणि लगेच परत करणं, आपल्या ३६ मिनिटांच्या चक्रासारखंच. म्हणून "व्हिडिओ बघ आणि स्वतः विचार कर" एवढ्यावर तालीमार्थीला सोडून देऊ नका.

मी ठरवणार असेन तर पहिले दोन आठवडे प्रत्यक्ष जाईन, लांबच्या शाळेत सुद्धा, आणि जाताना शाळेतल्या विषयशिक्षकांना सोबत बसवेन. त्यानंतर व्हिडिओ, एका वेळी एकच मुद्दा, दोन-तीन मिनिट-सेकंदवाल्या कमेंट, दोन दिवसांत पंधरा मिनिटांचा कॉल, आणि त्याच आठवड्यात तोच भाग दुसऱ्या तुकडीत परत. सातवी अ मध्ये अपूर्णांक घेतला असेल तर सातवी ब मध्ये घ्यायला मिळेल असं टाइमटेबल आचार्यांकडून आधीच मागून घ्या, एकच तुकडी असेल तर पुढच्या पाठाची पहिली दहा मिनिटं त्याला द्या. शेवटचा पाठ परत प्रत्यक्ष बघायचा. ज्यांच्याकडे माणसंच कमी आहेत त्यांनी पाठांची संख्या कमी करावी पण परत शिकवण्याची फेरी कापू नये, यावर मी युनिव्हर्सिटीच्या मीटिंगमध्ये पण भांडायला तयार आहे. आणि गुणपत्रिकेत एक रकाना वाढवून घ्या, आधीच्या फीडबॅकमधलं काय बदललं याचा, तो भरायचा असला की निरीक्षकालाही मागची वही उघडावी लागते.