लांब उताऱ्यांसाठी ब्लॉककोट घ्यावा की डिव्ह?

नाशिकच्या इतिहासावर लिहायचे म्हटले की उतारे टळत नाहीत. १८८३ चे नाशिक गॅझेटिअर, पांडवलेण्यांतील शिलालेखांची भाषांतरे, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या वेळचा पत्रव्यवहार, असा दहा-पंधरा ओळींचा मजकूर जसाच्या तसा द्यावा लागतो, आणि तो आपल्या लिखाणापासून वेगळा कसा काढून दाखवायचा, हे संकेतस्थळ स्वतः सांभाळणाऱ्याला ठरवावेच लागते. मार्ग मुख्यतः दोन आहेत. एक म्हणजे वेबपान ज्यात लिहितात त्या एचटीएमएलमध्ये त्यासाठीच असलेला ब्लॉककोट हा टॅग (खूण), आणि दुसरा म्हणजे डिव्ह या स्वतःचा काही अर्थ नसलेल्या साध्या कप्प्याला ‘उतारा’ अशा नावाचा क्लास (ओळखीचे लेबल) जोडून बाकी सगळे सीएसएसवर, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांवर, सोपवणे. मी दोन्ही वापरले आहेत.

डिव्हची बाजू कमकुवत आहे असे मला म्हणता येणार नाही. ब्लॉककोटला ब्राउझर आपणहून डाव्या-उजव्या बाजूंना चाळीस-चाळीस पिक्सेलचा समास देतो. ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइलवर त्यातच ८० पिक्सेल जातात आणि ‘पुरातत्त्वसंशोधकांच्या’ यासारखा एखादा शब्द जवळजवळ अख्खी ओळ अडवून बसतो. त्यात भर म्हणजे अनेक थीम, म्हणजे संकेतस्थळाच्या रूपाचे तयार साचे, ब्लॉककोटमधील मजकूर तिरपा करतात. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत तिरप्या वळणाची वेगळी अक्षरे नसतात, त्यामुळे ब्राउझर सरळ अक्षरेच कलती करतो आणि ‘पूर्वी’ या शब्दातील रफार व वेलांटी उजवीकडे झुकून पुढच्या अक्षरावर आल्यासारखी दिसते. चार ओळींपुरते ते खपून जाते. पंधरा ओळींचा उतारा मात्र वाचवत नाही. डिव्हला अशी कोणतीही पूर्वपीठिका नसते. आपण सांगू तेवढाच समास आणि आपण सांगू तोच टंक, ही सोय लहान नाही.

असे असूनही माझा कल बदलला, तो एकाच त्रासामुळे. पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला गौतमी बलश्रीचा प्राकृत लेख आहे. त्यात ती आपला पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याचे मुक्तकंठाने वर्णन करते: त्याने क्षत्रियांचा दर्प उतरवला, शक, यवन आणि पल्हवांचा नाश केला. डिव्हमध्ये ठेवलेले हे भाषांतर ब्राउझरात नीट उठून दिसत होते. तेच पान एका स्नेह्यांनी मोबाइलवर रीडर मोडमध्ये, म्हणजे सजावट काढून फक्त मजकूर दाखवणाऱ्या रूपात, उघडले, तेव्हा क्लास आणि त्याची सीएसएस दोन्ही गळाली, आणि एका मातेने केलेली पुत्राची प्रशस्ती माझ्या परिच्छेदांच्या ओळीत जाऊन बसली. जणू ते सारे मीच इतिहासकाराच्या अधिकाराने म्हटले होते. नवे लेख एकत्र दाखवणाऱ्या फीड रीडरमध्ये आणि ईमेलने जाणाऱ्या प्रतींतही हाच अनुभव आला. उतारा कोणाचा आणि भाष्य कोणाचे, ही सीमा इतिहासलेखनात पुसली गेली तर उरलेल्या मांडणीला फारसा अर्थ राहत नाही. ब्लॉककोट मात्र यांपैकी प्रत्येक ठिकाणी वेगळा राहिला, कारण तेथील सीएसएस आपली नसली तरी हा टॅग काय आहे हे त्या साधनांना ठाऊक असते. एनव्हीडीएसारखे स्क्रीन रीडरही, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे प्रोग्रॅमही, ब्लॉककोट आला की तसे सांगू शकतात. डिव्हला एआरआयएची (अशा साधनांना पानाचे भाग ओळखता यावेत म्हणून जोडायच्या खुणांची) ब्लॉककोट ही भूमिका जोडून हे साधता येते खरे, पण तयार टॅग हाताशी असताना तो द्राविडी प्राणायाम कशासाठी करायचा?

समासाची आणि तिरप्या अक्षरांची तक्रार सीएसएसच्या दोन-तीन ओळींत मिटते: उजवा समास शून्य, डावीकडे एक बारीक रेघ व थोडे पॅडिंग (आतली मोकळी जागा), आणि फॉन्ट-स्टाइल नॉर्मल, म्हणजे सरळ अक्षरे. ज्यांना थीमला हातच लावता येत नाही, त्यांची अडचण मला मान्य आहे.

खरी कटकट उरते ती संदर्भाची. ब्लॉककोटच्या ‘साइट’ (cite, म्हणजे संदर्भ) या गुणधर्मात फक्त दुवा मावतो आणि तो वाचकाला दिसत नाही, त्यामुळे ‘नाशिक गॅझेटिअर, १८८३’ ही ओळ कुठेतरी लिहावीच लागते. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या २०१४ च्या एचटीएमएल५ शिफारशीने ती ब्लॉककोटच्या आत, फूटर या तळटिपेच्या टॅगमध्ये, चालवून घेतली होती. डब्ल्यूएचएटीडब्ल्यूजी या दुसऱ्या संस्थेचे मानक ती बाहेरच हवी असे सांगते, आणि २०१९ पासून दोन्ही संस्थांनी एकच मानक मानायचे ठरवल्यामुळे आता तोच नियम धरावा. ब्लॉककोट फिगर या वेष्टनाच्या टॅगमध्ये ठेवून संदर्भ त्याच्या फिगकॅप्शनमध्ये, म्हणजे मथळ्याच्या टॅगमध्ये, लिहिला की उताऱ्यात उताऱ्याचेच शब्द राहतात.

आपल्याच लेखातले एखादे वाक्य ठळक करून बाजूला मांडायचे असेल, तर मात्र ब्लॉककोट घेऊ नये. तेथे असाइड हा बाजूच्या मजकुराचा टॅग योग्य, आणि डिव्हही चालेल. नुसता समास वाढवण्यासाठी ब्लॉककोट वापरण्याची जुनी सवय तर १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्येच त्याज्य ठरली होती.

जुनी पाने हळूहळू बदलायची असतील, तर ज्या उताऱ्यांत मत किंवा स्तुती आहे ते आधी घ्यावेत. नुसत्या आकडेवारीचे उतारे मागाहून घेतले तरी चालतील. गॅझेटिअरचा मूळ इंग्रजी मजकूर देताना त्याच ब्लॉककोटला लँग हा भाषा सांगणारा गुणधर्मही जोडावा, म्हणजे स्क्रीन रीडरला तो इंग्रजी उच्चारांत वाचता येतो.